शेवईएवढा तुकडा आणि तो कुणाच्या प्रश्नासाठी

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३२. नऊ वर्षांपूर्वी ल्युपस (शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते तो आजार) निघाला. तीन वर्षांनी लघवीतून प्रोटीन जायला लागलं, बायोप्सी झाली (सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला) आणि रिपोर्टवर ‘ल्युपस नेफ्रायटिस, क्लास फोर’, म्हणजे ल्युपसनं किडनीत झालेला दाह, असं आलं. स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन असं सगळं झालं. गेली साडेतीन वर्षं आजार शांत आहे. प्रोटीन नाही, क्रिएटिनिन ०.८, रक्तातली सी-३ आणि सी-४ ही संरक्षक यंत्रणेची प्रथिनं जागेवर. मागच्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, “एका अभ्यासासाठी पुन्हा एकदा किडनी बायोप्सी कराल का? ज्यांचे रिपोर्ट चांगले आहेत त्यांच्या किडनीत आत काय चाललंय, ते बघतोय. एक तुकडा संशोधनासाठी जास्तीचा घेऊ.” सोबत अकरा पानांचा इंग्रजी फॉर्म दिला. सासूबाई म्हणतात, “निवलेली चूल कशाला उकरायची?” नवरा म्हणतो, “तू ठरव.” या विचारतात : डॉक्टरांनी मला वाचवलंय, त्यांना नाही कसं म्हणू? रक्त-लघवीत सगळं कळत असताना सुई कशाला? आणि हो म्हटलं तर माझ्यावर प्रयोग होणार का? पत्राच्या तळाला, सहीच्याही खाली, एक ओळ आहे : “आम्हाला मूल हवं आहे. हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.”

नमस्कार बाई,

(शाळेत तुम्हाला हीच हाक मारत असतील, म्हणून मीही.)

तुमचं पत्र मी खालून वर वाचलं. तीसेक वर्षं मायक्रोस्कोपसमोर बसल्याची ही खोड आहे. स्लाइडच्या मध्यावर जे असतं ते सगळ्यांनाच दिसतं, म्हणून मी आधी कडा बघते. तुमच्या पत्राची कड म्हणजे सहीखालची ती ओळ. अकरा पानांच्या फॉर्मवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि मुलाबद्दल दोन वाक्यं. माझ्या मते गुंता तिथंच आहे.

तुमच्यासमोर दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. एक प्रश्न डॉक्टरांचा : ज्यांचे रिपोर्ट चांगले आहेत, त्यांची किडनी आतून खरंच शांत असते का? दुसरा तुमचा : मला मूल होऊ द्यायला आता हरकत नाही ना? किडनीतून काढलेला तुकडा दोन्ही प्रश्नांना उपयोगी पडेल, किंवा फक्त पहिल्याला. ‘करू की नको’ हे ठरवण्याआधी तुकडा कुणाच्या प्रश्नासाठी काढला जातोय, हे ठरवा. दुसऱ्याच्या प्रश्नासाठी दिला तरी त्यात काही वाईट नाही. फक्त देताना ते ठाऊक असावं.

आता सासूबाईंची चूल. मी सासूबाईंच्या बाजूनं थोडी आहे. ज्यांनी खरी चूल पेटवली आहे त्यांना हेही ठाऊक असतं, की वरून राख पांढरी झाली म्हणजे आतला निखारा विझलाच असं नाही. रात्री राखेखाली झाकलेला निखारा सकाळी फुंकर मारून पुन्हा पेटवायचा, हीच तर जुन्या घरातली रीत होती. तुमचे डॉक्टर नेमकं हेच विचारताहेत, राखेखाली काय आहे. आणि बायोप्सीनं आजार ‘चाळवतो’ किंवा पसरतो अशी भीती त्यांच्या बोलण्यामागे असेल, तर ती काढून टाका. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या अवयवांवर उठलेली असते. सुईनं इकडून तिकडं पसरावं असं त्यात काही नसतं.

तुम्ही गृहीत धरलंय की रक्त-लघवीत सगळं कळतं. बरंचसं कळतं, सगळं नाही. लघवीतलं प्रोटीन म्हणजे चुलीचा धूर. धूर दिसला की काहीतरी बिघडलंय हे नक्की, पण ताजी आग आहे की जुन्या जळक्या भिंतीतून नुसती गळती होतेय, ते धुरावरून सांगता येत नाही. उलटंही होतं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला ॲना माल्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपस नेफ्रायटिसच्या रुग्णांच्या किडनीची उपचारांनंतर पुन्हा बायोप्सी केली. २०१७ साली त्यांनी जे छापलं ते वाचून आमच्यासारखे स्लाइडवाले लोक फारसे चकित झाले नाहीत, पण बाकीचे झाले. सुरुवातीच्या जोरकस उपचारांनंतर ज्यांची लघवी आणि रक्त पूर्ण सुधारलं होतं, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश जणांच्या किडनीत दाह अजून चांगलाच जिवंत होता. आणि ज्यांच्या किडनीतला दाह पूर्ण थांबला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या लघवीत प्रोटीन जातच होतं. त्यांना औषध वाढवलं असतं तर ते फुकट गेलं असतं, त्रास तेवढा झाला असता.

हे वाचून लगेच घाबरू नका. ते निष्कर्ष उपचारांच्या पहिल्या काही महिन्यांनंतरचे आहेत. तुमची साडेतीन वर्षं शांततेत गेली आहेत, तुमचं चित्र त्याहून चांगलं असायला बरीच जागा आहे. किती चांगलं, हे लघवीवरून ठरत नाही एवढंच.

याच गटानं पुढं औषधं बंद करण्याचा प्रश्न घेतला. वर्षानुवर्षं औषधं घेतलेल्या आणि शांत असलेल्या रुग्णांची बायोप्सी करायची. दाहाचा अंक शून्य आला तर औषधं हळूहळू थांबवायची, नाहीतर चालू ठेवायची. २०२० मध्ये सत्तरहून अधिक रुग्णांवरचा हा अनुभव प्रसिद्ध झाला आणि आजार उलटण्याचं प्रमाण त्यात कमी राहिलं. मला हा अभ्यास आवडतो, पण एक खोट सांगायला हवी. बायोप्सीशिवाय नुसत्या रक्त-लघवीवर निर्णय घेतलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. म्हणून जगभरच्या मार्गदर्शिका आजही ‘शांत असलेल्या प्रत्येकाची पुन्हा बायोप्सी करा’ असं म्हणत नाहीत. एकेकाचं बघून ठरवा, असं म्हणतात. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं ते योग्यच, आणि आज्ञा न करता विचारलं तेही योग्य.

मी ‘दाहाचा अंक’ म्हटलं. तो कसा येतो ते सांगते, कारण तुमच्या फॉर्ममध्ये ‘बायोमार्कर’ हा शब्द पाचपन्नास वेळा आला असणार.

घरात कुणाला साखर असेल तर एचबीएवनसी माहीत असेल. तो बायोमार्कर. एक आकडा, जो शरीरात काय चाललंय ते सांगतो आणि ज्याच्यावरून गोळी वाढवायची की नाही ते ठरतं. ल्युपसच्या किडनीत असा आकडा रक्तातून नीटसा मिळत नाही, म्हणून तो अवयवातूनच घ्यायचा. पाठीतून सुई घालून जो तुकडा निघतो तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाड असतो. सलाइनमध्ये टाकला की अगदी शिजलेल्या शेवईचा तुकडा. मेणात बसवून त्याचे कागदाहून कितीतरी पातळ काप काढतात, रंगवतात. मग माझ्यासारखं कुणीतरी एकेक ग्लोमेरुलस, म्हणजे किडनीतली एकेक गाळणी, बघत बसतं. पेशींची गर्दी किती, गाळणीत पेशींच्या चंद्रकोरी दिसताहेत का, कुठं पेशी मेल्यात का. प्रत्येकाला गुण. दाहाचे गुण ० ते २४, जुन्या व्रणांचे ० ते १२. पहिले गुण औषधानं खाली येऊ शकतात, दुसरे सहसा येत नाहीत. तुमच्या सहा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्येही हे दोन आकडे कुठंतरी लिहिलेले असतील, शोधा.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. ल्युपसचा निवाडा करायला तुकड्यात किमान दहा असाव्यात अशी अपेक्षा असते. वीस मिळाल्या तर आमचा दिवस चांगला. भाताच्या बाबतीत ती म्हण खरी ठरते, कारण सगळं पातेलं एकाच आचेवर असतं. ल्युपस ठिगळाठिगळानं पसरतो. एक गाळणी पोळलेली, शेजारची धड. सुई नेमकी धड भागात गेली तर रिपोर्ट चांगला येतो. शिवाय बघणारं माणूस. माझ्या नोकरीतली गोष्ट सांगते. एका सकाळी एका स्लाइडला मी दाहाचे तीन गुण दिले. आठवड्यानं तीच स्लाइड दुसऱ्या नंबराखाली माझ्यासमोर आली, मी पाच दिले. कुणीतरी मुद्दाम केलं होतं, माझीच परीक्षा घ्यायला. राग आला, पण धडा मिळाला. दोन पॅथॉलॉजिस्टमध्ये तर याहून जास्त फरक पडतो. म्हणून बायोप्सी म्हणजे ब्रह्मवाक्य, असं तुमच्या मनात असेल तर तेही थोडं सैल करा. लघवीपेक्षा ती जवळून बघते, इतकंच.

जवळून बघायची ही सोय तशी नवी आहे. त्याआधी आमच्या धंद्यातल्या लोकांना ल्युपसची किडनी बघायला मिळायची ती शवविच्छेदनाच्या टेबलावर, म्हणजे ज्याला उपयोग व्हायचा तो माणूस गेल्यावर. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढायची पद्धत मांडली. त्यांचे रुग्ण बसलेले असायचे. शिकागोच्या कार्क आणि म्युर्के यांनी रुग्णाला पालथं झोपवलं, तेव्हापासून तुकडा हमखास मिळू लागला. १९५७ मध्ये त्याच शिकागोच्या मंडळींनी जिवंत रुग्णांच्या बायोप्सीवरून ल्युपसच्या किडनीचं वर्णन छापलं. आज तुमच्या रिपोर्टवर जो ‘क्लास फोर’ आहे त्याची मुळं तिथं आहेत.

मग आता नवीन काय शोधताहेत? गुण देण्याऐवजी पेशींनाच बोलतं करायचं. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि औषध कंपन्यांनी २०१४ मध्ये मिळून एक मोठा उपक्रम सुरू केला, संधिवात आणि ल्युपस हे त्यातले दोन आजार. त्यातून २०१९ मध्ये ल्युपस नेफ्रायटिसच्या २४ रुग्णांच्या किडनीतल्या एकेका पेशीतल्या जनुकांचं वाचन केल्याचा शोधनिबंध आला. त्यांना आजारात गुंतलेल्या संरक्षक पेशींचे २१ गट सापडले. डोळ्याला सगळ्या सारख्याच गोल निळ्या टिकल्या दिसतात हो. तुमचा तो जास्तीचा तुकडा बहुधा अशाच कामासाठी मागताहेत. आशा अशी, की कुठल्या पेशी शिल्लक राहिल्या म्हणजे आजार उलटतो आणि कुठलं औषध कुणाला लागू पडतं, हे आधीच कळावं.

ती आशा किती पिकली आहे, हे सांधेदुखीवाल्यांकडून शिकावं. लंडनमधल्या कोस्टांतिनो पित्झालिस यांच्या गटानं संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर सुईनं काढून बघितलं. कल्पना सरळ होती. रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशी (संरक्षक पेशींचा एक प्रकार) मारतं. ज्यांच्या सांध्यात बी-पेशीच कमी, त्यांना ते कशाला द्या? त्यांना टोसिलिझुमॅब बरं पडेल. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १६४ रुग्णांचा निकाल आला. मायक्रोस्कोपनं बी-पेशी मोजून ज्यांच्यात त्या कमी ठरल्या, त्यांच्यापैकी रिटुक्सिमॅबनं ४५ टक्क्यांना गुण आला, टोसिलिझुमॅबनं ५६ टक्क्यांना, म्हणजे खात्रीनं फरक म्हणावा इतका फरक नाही. तीच वाटणी जनुकांच्या वाचनावरून केली तेव्हा ३६ विरुद्ध ६३. लोक खूश झाले. पण नंतर, अशी औषधं याआधी कधी न घेतलेल्या रुग्णांवर त्याच धर्तीची चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि फरक उरला नाही. कल्पना चुकीची ठरली असं मी म्हणत नाही. ऊतकातला आकडा ‘बायोमार्कर’ म्हणून मिरवण्याआधी त्याला अशी परीक्षा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि पुष्कळ आकडे नापास होतात. तुमचा संशोधनाचा तुकडा या परीक्षेतली एक उत्तरपत्रिका असेल. त्याचा निकाल तुम्हाला कळवतीलच असं नाही, आणि कळवला तरी आज त्यावरून तुमचं औषध बदलणं शहाणपणाचं नाही.

‘माझ्यावर प्रयोग होणार का’ याचं उत्तर यातच आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा निरीक्षणाचा अभ्यास दिसतो, नवीन औषध देणार नाहीत. प्रयोग तुमच्यावर नाही, तुमच्या तुकड्यावर. पण सुई मात्र तुमच्या पाठीत. म्हणून सुईचा हिशोब उघडपणे मांडू.

किडनी हा रक्ताचा अवयव आहे. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा पाचवा हिस्सा दोन किडन्यांतून जातो. म्हणून बायोप्सीचा मुख्य धोका रक्तस्रावाचा. जगभरच्या लाखाहून अधिक किडनी बायोप्सींचा एकत्रित आढावा २०२० मध्ये आला. शंभरातल्या तीन-चार जणांना लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. शंभरात एक-दोन जणांना रक्त द्यावं लागलं. हजारात तिघांना रक्तस्राव थांबवायला वेगळी प्रक्रिया करावी लागली. मृत्यू दहा हजारांत सहा. यात अगदी आजारी अवस्थेत बायोप्सी झालेले लोकही आले. तुमचं क्रिएटिनिन चांगलं आहे, बीपी ताब्यात असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू नसेल, तर तुमचा धोका यापेक्षा कमीच धरावा. शून्य मात्र नाही. ज्या बायोप्सीतून तुम्हाला स्वतःला काही मिळणार नाही, तिच्यासाठी हा छोटासा धोका घ्यावा का, हे ठरवायचा अधिकार फक्त तुमचा. नवऱ्यानं ‘तू ठरव’ म्हटलं याचं मला कौतुक वाटलं. सज्ञान बाईच्या संमतीला नवऱ्याची सही लागत नाही, हे आपल्याकडे अजून पुष्कळ दवाखान्यांत सांगावं लागतं.

आता उपकारांचं. ‘डॉक्टरांनी वाचवलंय, नाही कसं म्हणू?’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. त्यांनी तुम्हाला वाचवलं हे खरं असेल. त्याची फेड किडनीच्या तुकड्यानं होत नाही आणि कुठलाही सरळ डॉक्टर तशी अपेक्षा करत नाही. अडचण वेगळी आहे. तेच तुमचे डॉक्टर आणि तेच संशोधक. खुर्ची एक, टोप्या दोन. समोर बसलेल्या रुग्णाला कुठल्या टोपीतून प्रश्न आला ते कळत नाही. म्हणून संमतीचं बोलणं गटातल्या दुसऱ्या कुणाशी करता येईल का, असं सरळ विचारा. यात अपमान नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा रोखच असा आहे, की नकार दिल्यानं किंवा मध्येच बाहेर पडल्यानं तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हे वाक्य तुमच्या फॉर्ममध्ये असलं पाहिजे. नसेल तर सही करू नका.

आणि इंग्रजी फॉर्म परत करा. तुम्ही शिक्षिका आहात, इंग्रजी वाचता येत असेल, तरी मराठी प्रत मागा. माहितीपत्रक सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असायला हवं, आणि सासूबाईंनाही वाचता आलं पाहिजे. मराठी प्रत तयारच नाही असं उत्तर आलं, तर इथले रुग्ण सही कशी करत आले, हा प्रश्न माझ्या मनात येईल. घरी नेऊन वाचा, आठ दिवस ठेवा. वाचताना पैशांपाशी थांबा. बायोप्सी, सोनोग्राफी, एका रात्रीची खाट, हा खर्च कुणाचा? संशोधनासाठी जे जास्तीचं केलं जातं त्याचं बिल सहभागी माणसाच्या माथी येऊ नये, असं तीच तत्त्वं सांगतात. बायोप्सीनंतर रक्तस्राव झाला तर उपचार कोण करणार, भरपाईची सोय काय, हेही लिहिलेलं हवं. मग जास्तीच्या तुकड्याकडे या. त्यासाठी सुई वेगळी मारणार का? सुईच्या एका जादा फेरीनं धोका किती वाढतो? तुकडा गोठवून किती वर्षं ठेवणार, परदेशी जाणार का, नावाऐवजी नंबर असेल का, उद्या मन बदललं तर तो नष्ट करता येईल का? अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी असणार, तिचा संपर्क फॉर्मवर असतो. सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत अभ्यासाचं नाव आहे का तेही बघा, ती कुणालाही बघायला खुली असते.

फॉर्ममध्ये सहसा नसतो असा एक प्रश्न मात्र तुम्हीच विचारा : “माझ्या तुकड्यात दाह दिसला तर तुम्ही माझं औषध बदलणार का? आणि काहीच दिसलं नाही तर?” दोन्हीचं उत्तर ‘काही बदलणार नाही’ असं आलं, तर ही बायोप्सी पूर्णपणे त्यांच्या प्रश्नासाठी आहे. ‘बदलू’ असं आलं, तर ती तुमचीही आहे.

आता सहीखालच्या ओळीवर येऊ. मूल हवं असेल तर डॉक्टरांना उद्याच सांगा, बायोप्सीच्या निर्णयाच्या आधी. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहणं बाळासाठी धोक्याचं असतं. ते किमान सहा आठवडे आधी बंद व्हावं लागतं, आणि त्याजागी बहुधा ॲझाथायोप्रिन देऊन काही महिने वाट बघतात, आजार शांत राहतोय ना म्हणून. स्वतःच्या मनानं बंद करू नका, नुसतं थांबवणं आणि बदलणं यात फार फरक आहे. प्रोटीनसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर तिचंही विचारा, तीही गरोदरपणात चालत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू ठेवायची असते, ती बंद करायला कुणी नातेवाइकानं सांगितलं तर ऐकू नका. रक्तात अँटी-रो आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी आहेत का ते बघतात, कारण पहिलीचा संबंध बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांशी येतो, दुसरीचा गुठळ्या आणि गर्भपाताशी.

गर्भधारणेआधी सहा महिने तरी ल्युपस शांत असावा, असं सांगतात. तुम्ही साडेतीन वर्षं शांत आहात. निव्वळ त्या आधारावर, बायोप्सीशिवाय, पुष्कळ डॉक्टर पुढं जायला हिरवा कंदील देतील आणि त्यात निष्काळजीपणा नाही. मग बायोप्सीचा तुम्हाला उपयोग कधी? डॉक्टर औषधं बरीच कमी करायच्या विचारात असतील आणि त्यांच्या मनात शंका असेल तेव्हा. किंवा मध्ये एखाद्या वेळी प्रोटीन थोडं वाढलं होतं आणि ते जुन्या व्रणातून की नव्या दाहातून, हे ठरत नसेल तेव्हा. गरोदरपणात प्रोटीन वाढलं तर ल्युपस की प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) हा गोंधळ होतो आणि तेव्हा बायोप्सी करणं अवघड. म्हणून करायचीच असेल तर त्याआधी, हे खरं.

माझा कल विचाराल तर, तुमच्या जागी मी आधी मुलाचं बोलणं करीन. त्या बोलण्यातून डॉक्टर म्हणाले, ‘औषध बदलण्याआधी आत बघितलेलं बरं,’ तर बायोप्सी करीन, आणि त्याच सुईतून निघालेला जास्तीचा भाग संशोधनाला आनंदानं देईन. ते म्हणाले, ‘तुमच्यासाठी गरज नाही,’ तर बायोप्सीला नाही म्हणीन, आणि रक्त-लघवीचे नमुने अभ्यासाला देऊ का असं विचारीन. हा मधला रस्ता फारसा कुणी सुचवत नाही, पण संशोधकांना तो पुष्कळदा चालतो. लघवीतल्या सीडी-१६३ सारख्या प्रथिनांवरून किडनीतला दाह ओळखता येईल का, यावर काम चालू आहेच. त्याची खातरजमा करायला कुणाची तरी बायोप्सी आणि त्याच दिवसाची लघवी लागते, हेही खरं. तुम्ही नुसत्या उदारपणानं, पूर्ण समजून हो म्हणालात, तर मी तुम्हाला अडवणार नाही.

इतर वाचकांसाठी इथंच दोन गोष्टी. सगळ्या बायोप्सी किडनीसारख्या नसतात, भीतीही सारखी धरू नका. शोग्रेनमध्ये (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार) ओठाच्या आतल्या बाजूनं बारीक लाळग्रंथी काढतात. पन्नास किंवा जास्त लिम्फोसाइट (संरक्षक) पेशींचा पुंजका म्हणजे एक ‘फोकस’. चार चौरस मिलिमीटरमध्ये असा किमान एक दिसला की निदानाच्या निकषात गुण मिळतात. दोन-चार दिवस मिसळ टाळावी लागते, बाकी विशेष नाही. आणि सिलिअॅकची, म्हणजे गव्हाच्या ग्लुटेनच्या आजाराची, गोष्ट तर उलट्या दिशेनं गेली. तिथं आतड्याचा तुकडा वर्षानुवर्षं अनिवार्य मानला जायचा. रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा आतड्यातल्या चित्राशी इतका जुळत गेला, की २०१२ पासून युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेनं, अँटीबॉडी मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल आणि दुसरी पक्की तपासणीही तेच सांगत असेल, तर लक्षणं असलेल्या मुलांना बायोप्सीतून सूट दिली. हजारो मुलांच्या तुकड्यांवर उभी राहिलेली ही सूट आहे. किडनीच्या बाबतीत आपण अजून तिथं पोचलेलो नाही.

बाई, तुम्ही हो म्हणालात तर तयारीचं थोडं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती कधी थांबवायची हे तेच ठरवतील, अँटीफॉस्फोलिपिडवाल्यांनी तर अजिबात स्वतः थांबवू नये. पाठदुखीची, डोकेदुखीची मेडिकलमधली गोळी आठवडाभर घेऊ नका. स्टेरॉइड चालू असेल तर चुकवू नका. पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात, तेवढ्याच जागेला भूल देतात, ‘श्वास धरा’ म्हणतात आणि स्टेपलरसारखा खट्ट आवाज येतो. पहिल्या वेळचं आठवत असेलच. नंतर सहा-आठ तास उताणं पडून राहायचं. रक्तस्राव झालाच तर बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत कळतो, म्हणून त्याच संध्याकाळी एसटीनं खंबाटकी घाट उतरून घरी यायचं नाही, रात्र पुण्यातच काढा. दोन आठवडे वह्यांचे गठ्ठे उचलायचे नाहीत, स्कूटीवरून खड्ड्यांतून जायचं नाही. लघवी लाल झाली, कमरेत एका बाजूला दुखणं वाढत गेलं किंवा उभं राहताना चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

आणि हो म्हणा किंवा नाही, एक काम या आठवड्यात करून टाका. सहा वर्षांपूर्वीची बायोप्सी जिथं झाली त्या लॅबला फोन करून तुमचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड अजून आहेत का, विचारा. लॅब त्या कायमच्या ठेवत नाहीत, काही वर्षांनी टाकून देतात. असतील तर पावती करून मागून घ्या. स्लाइड वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात, ब्लॉक कपाटात, गॅसजवळ अजिबात नाही, मेण वितळतं. नवा तुकडा कधीही निघाला तरी बघणाऱ्याला पहिला शेजारी ठेवून बघावा लागेल.